चोवीस शब्द कापसाच्या खोलीत ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की त्यातले दहा-वीस हजार बिटकॉइन किंवा इथेरियम या डिजिटल नाण्यांमध्ये टाकणारे तरुण कास्तकार आता आमच्या यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांतही आहेत. शिक्षक आहेत, कृषी केंद्र चालवणारे आहेत. भाव चढला-पडला हे आपल्या दैनिकात छापून येते. पण दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबाने घेतलेली ही मालमत्ता ठेवायची कशी, हे मराठीत सहसा वाचायला मिळत नाही. घ्यावे की घेऊ नये, हा माझा विषय नाही. ज्यांनी घेतले आहे त्यांचे ते आगीत, ओलीत किंवा घरच्यांना काहीच माहीत नसल्यामुळे जाऊ नये, यासाठी हे पत्र.

वावराला सातबारा असतो. घरचा कागद जळला तरी तलाठ्याकडे नोंद राहते, मालक वारला तर फेरफार होतो. बिटकॉइनला असे दप्तर नाही. नाणी एका सार्वजनिक खातेवहीत नोंदलेली असतात आणि ती हलवायला गुप्त किल्ली लागते. किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. माणसाला लिहून ठेवता यावी म्हणून ती बहुधा 12 किंवा 24 इंग्रजी शब्दांत मांडतात. यालाच सीड फ्रेज म्हणतात. हे शब्द ज्याच्या हाती पडतील तो जगात कुठूनही नाणी काढून नेऊ शकतो, आणि शब्द नष्ट झाले तर कोणतीही कंपनी किंवा न्यायालय ती परत आणू शकत नाही.

एक्स्चेंज म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी. तिच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक दिसते तेव्हा किल्ली एक्स्चेंजकडे असते. 2014 मध्ये जपानचे माउंट गॉक्स बुडाले, नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स बुडाले. आपल्याकडे 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्सवरून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे क्रिप्टो वर्षभराहून अधिक काळ अडकून पडले. पंधरा दिवसांत विकायचे असेल तर अ‍ॅपवर राहू द्या. वर्षानुवर्षे ठेवायचे असेल तर स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे किल्ली तुमच्याच ताब्यात राहील अशा सॉफ्टवेअरमध्ये किंवा यंत्रात, काढा. मात्र काही भारतीय अ‍ॅपवर फक्त खरेदी-विक्री होते, नाणी बाहेर पाठवताच येत नाहीत. पैसे भरण्याआधी हे तपासा, आणि बाहेर काढण्याचे शुल्क किती तेही पाहा.

बिटकॉइन चिल्लर चिल्लर काढू नका. दर वेळी आलेली रक्कम वॉलेटमध्ये वेगळ्या नोटेसारखी राहते. पुढे खर्च करताना अशा प्रत्येक नोटेमागे व्यवहाराचा आकार साधारण 68 बाइटने वाढतो, आणि नेटवर्कचे शुल्क आकारावर लागते. गर्दीच्या दिवशी बाइटला 50 सातोशी दर असेल तर एका नोटेचे शुल्क 3,400 सातोशी. एका बिटकॉइनचे 10 कोटी सातोशी होतात. भाव 80 लाख धरला तर हे 272 रुपये झाले. म्हणजे दरमहा 500 रुपयांचे काढणाऱ्याचा निम्म्याहून जास्त पैसा शुल्कातच जाईल. अ‍ॅपवर थोडे साठू द्या आणि वर्षातून एक-दोनदाच बाहेर न्या.

वॉलेट कोणते? हजार-दोन हजारांसाठी फोनमधले चालेल. रक्कम मोठी असेल तर लेजर, ट्रेझर यांसारखे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली सांभाळणारे छोटे यंत्र घ्या. त्यात किल्ली यंत्राबाहेर जात नाही. शक्यतो बिनबॅटरीचे मॉडेल घ्या, कारण लिथियम बॅटरी आपल्याकडच्या 45 अंशांच्या मे महिन्यात वर्षानुवर्षे पडून राहिली की फुगते. खरेदी कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच करा. जुने, कोणी वापरलेले, ‘सेट करून दिलेले’ यंत्र फुकट मिळाले तरी नको. डब्यात आधीच शब्द छापलेले कार्ड निघाले तर ते विकणाऱ्यालाही ठाऊक आहेत असे समजा. शब्द यंत्राने तुमच्या समोर, त्याच्याच पडद्यावर तयार केले पाहिजेत. स्वतःच्या मनाने शब्द निवडणे हीसुद्धा चूक आहे. माणसाची निवड अंदाजात येते, शिवाय शेवटच्या शब्दात पडताळणीचा अंश असतो, त्यामुळे मनाने जुळवलेले 24 शब्द यंत्र बहुधा नाकारतेच.

शब्द उतरवताना आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे ते देवनागरीत लिहिणे. यादी 2,048 ठरलेल्या शब्दांची आहे आणि त्यात मराठी किंवा हिंदी यादी नाही. ‘राइट’ असे लिहून ठेवले तर ‘उजवा’ या अर्थाचा की ‘लिहिणे’ या अर्थाचा, हे दहा वर्षांनी कोण सांगणार? दोन्ही शब्द यादीत आहेत. ‘पुल’ आणि ‘पूल’ हेही तसेच. ओढण्याचा एक, पोहण्याच्या तलावाचा दुसरा, दोन्ही यादीत. म्हणून इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, प्रत्येक शब्दापुढे क्रमांक घालून लिहा. क्रम चुकला तर शब्द बरोबर असूनही उपयोग नाही. यादीत पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द वेगळा ओळखू येतो, त्यामुळे धातूवर कोरताना चारच अक्षरे पुरतात.

फोटो काढू नका. फोन तो आपोआप क्लाउडवर चढवतो, आणि फोटोंमधला मजकूर वाचून असे शब्द शोधणारी अ‍ॅप सापडलेली आहेत. झेरॉक्स नको, स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करणे नको. पेनड्राइव्हही नको, कारण त्यातली माहिती विजेच्या सूक्ष्म भारावर टिकते आणि न वापरता, उष्णतेत पडून राहिली तर पुसट होत जाते.

कागदाचा प्रश्न आमच्या भागात सगळ्यात मोठा आहे. जेल पेनची शाई पावसाळ्याच्या ओलीत पसरते, वाळवी कागद खाते. भाव मिळेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायचा, आणि महत्त्वाचे कागद बहुधा त्याच खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत. त्या कापसाला ठिणगी लागली तर पेटी जागेवर राहते, आतला कागद राख होतो. पहिली प्रत कागदावर करायचीच असेल तर पेन्सिलने करा, ग्रॅफाइट पाण्याने जात नाही. वहीवर लिहू नका, खालच्या पानावर ठसा उमटतो. सुटा कागद काचेवर किंवा फरशीवर ठेवून लिहा.

खरी प्रत स्टीलवर करा. 304 ग्रेडचे स्टेनलेस स्टील, 2 मिलिमीटर जाड, साधारण 15 बाय 10 सेंटिमीटरची पट्टी फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घ्या. हे स्टील 1,400 अंशांच्या आसपास वितळते; घराची आग तिथवर जात नाही. अ‍ॅल्युमिनियम ठोकायला मऊ पडते म्हणून लोक ते निवडतात, पण ते 660 अंशांनाच वितळते. साधे लोखंड गंजते. हार्डवेअरच्या दुकानात इंग्रजी अक्षरांच्या पंचांचा संच मिळतो. 4 मिलिमीटरचा घ्या, सोबत आकड्यांचा. पट्टीवर दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत बारा ओळी. खाली ऐरण किंवा रेल्वेरुळाचा तुकडा हवा. लाकडावर ठेवून ठोकले तर पट्टी वाकते आणि ठसा उथळ येतो. किलोभराचा हातोडा, पंच सरळ, एकच दमदार घाव. दुसरा घाव घातला की अक्षर दुहेरी उमटते. आधी भंगार तुकड्यावर सराव करा, आणि तो सराव खऱ्या शब्दांचा नको. ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ उलटे पकडले जातात, तिथे थांबून पाहा. भांड्यावर नाव टाकून देणाऱ्याकडे किंवा लोहाराकडे हे काम देऊ नका. हवे तर कोरण्याचे यंत्र भाड्याने आणा, पण ठोकणारा हात तुमचाच असू द्या. अशा दोन पट्ट्या करा.

दोन्ही एका घरात नकोत. एक घरी ठेवा, पण कापूस, गवत, डिझेल नाही अशा खोलीत. दुसरी वेगळ्या गावी, अगदी भरवशाच्या नातेवाइकाकडे किंवा तालुक्याच्या बँकेत लॉकरमध्ये. लॉकरबाबत एवढे लक्षात असू द्या की रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपुरती आहे, आणि पुरासारख्या आपत्तीत तीही नाही. म्हणून लॉकर ही दुसरी जागा असावी, एकमेव नव्हे. धुऱ्यावर पुरून ठेवण्याची कल्पना कानावर येते. ती सोडून द्या. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पुरलेली वस्तू जागेवर राहत नाही. पुढे मोजणी होते, जेसीबी येतो. बारा शब्द इथे, बारा तिथे अशी वाटणीही नको; एक भाग गेला की सगळे गेले.

रक्कम मोठी असेल तर शब्दांच्या जोडीला पासफ्रेज (स्वतः ठरवलेला आणखी एक गुप्त मजकूर) ठेवता येते, म्हणजे पट्टी चोराच्या हाती लागली तरी नाणी उघडत नाहीत. पण यात एक धोका आहे. पासफ्रेज चुकले तर यंत्र ‘चूक’ म्हणत नाही, दुसरेच एक रिकामे वॉलेट उघडून दाखवते. एक जागा सुटली, एक अक्षर लहानचे मोठे झाले, की शिल्लक शून्य. पासफ्रेज नुसते डोक्यात ठेवणाऱ्याच्या वारसांना काहीच मिळणार नाही. ठेवायचेच तर तेही लिहून, पट्टीपासून वेगळ्या जागी. दोन-चार लाखांच्या आत असेल तर माझ्या मते या भानगडीत पडू नये.

सगळे झाले की तालीम करा. बहुतेक लोक इथेच आळस करतात. आधी अगदी थोडी रक्कम वॉलेटवर पाठवा. मग यंत्र मुद्दाम फॅक्टरी रीसेट करा आणि शब्द पुन्हा भरा, कागदावरून नव्हे तर स्टीलच्या पट्टीवरून वाचून. शिल्लक दिसली, त्यातली थोडी परत पाठवता आली, की मगच उरलेली रक्कम हलवा. शब्द भरल्यावर शिल्लक शून्य दिसली तर घाबरू नका. एकाच शब्दसंचातून 44, 49, 84 आणि 86 अशा वेगवेगळ्या मार्गांनी पत्ते (नाणी ज्यावर येतात ते खाते क्रमांकासारखे क्रमांक) निघतात आणि नवे अ‍ॅप कदाचित दुसराच मार्ग पाहत असेल. म्हणून पहिला पत्ता कोणत्या प्रकारचा होता, म्हणजे 1 ने, 3 ने, ‘बीसी1क्यू’ ने की ‘बीसी1पी’ ने सुरू होणारा, हे लिहून ठेवावे.

पत्ता कॉपी-पेस्ट करताना तो बदलून टाकणारे व्हायरस असतात. संगणकाच्या पडद्यावर विसंबू नका, यंत्राच्या छोट्या पडद्यावर सुरुवातीची, मधली आणि शेवटची अक्षरे जुळवा. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलू नका. भामटे मिळत्याजुळत्या पत्त्यावरून चिल्लर पाठवून यादीत घुसतात. टेथर हे डॉलरशी बांधलेले नाणे ट्रॉन, इथेरियम अशा वेगवेगळ्या नेटवर्कवर चालते; ते पाठवताना नेटवर्क दोन्हीकडे एकच हवे. ट्रॉनवरचे इथेरियमच्या पत्त्याकडे जात नाही.

घरच्यांसाठी मराठीत एक चिठ्ठी लिहा. त्यात शब्द लिहू नका. कोणते नाणे आहे, कोणते वॉलेट, शब्द 12 की 24, पासफ्रेज आहे की नाही, पत्ता कोणत्या प्रकारचा, पट्ट्या कुठे आहेत आणि घाई न करता मदत कोणाची घ्यायची, एवढे पुरे. यंत्र बंद पडले किंवा कंपनी बुडाली तरी त्याच 12 किंवा 24 शब्दांवर दुसऱ्या कंपनीचे यंत्र बहुधा चालते, हेही लिहा. मृत्युपत्रात या मालमत्तेचा उल्लेख करा, आणि पत्नीला किंवा वडिलांना चिठ्ठीची जागा आजच दाखवा.

त्याच फाइलमध्ये खरेदीच्या पावत्या छापून ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आणि वर उपकर आहे, वजावट फक्त खरेदी किमतीची मिळते आणि तोटा कशातूनही वळता होत नाही. पंधरा वर्षांनी विकताना ते अ‍ॅप नसेल, तर खरेदी किंमत सिद्ध करायला तुमच्याकडचा कागदच कामी येईल. स्वतःच्या खात्यातून स्वतःच्याच वॉलेटमध्ये नेणे ही विक्री नव्हे. पण त्याचीही तारीख टिपून ठेवा.

शब्द विचारणारा प्रत्येक जण चोर समजा, मग तो ‘कस्टमर केअर’ असो, अडकलेले पैसे काढून देतो म्हणणारा असो, की कंपनीच्या लेटरहेडवर टपालाने आलेले पत्र. 2020 मध्ये लेजरच्या ग्राहकांची नावे आणि पत्ते फुटले, त्यानंतर लोकांच्या घरी खोटी यंत्रेसुद्धा पोचली होती.

पाडव्याला सालदाराचे नवे साल ठरते, त्याच सुमारास आर्थिक वर्षही संपते. तो दिवस यासाठी धरा. दोन्ही पट्ट्या काढून वाचून पाहा, चिठ्ठीत लिहिलेली जागा अजून तीच आहे का बघा, पावत्या फाइलला लावा. यंत्राचे सॉफ्टवेअर अद्ययावत करायचे असेल तर तेही त्याच दिवशी, पट्टी हाताशी असताना करा.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ