अँड्रोमेडाला आळं करू नका

एडिसन, न्यू जर्सी
२० एप्रिल

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

मे महिन्यात तुम्ही आलात की इथली बाग तुमच्याच ताब्यात जाणार, म्हणून दोन अँड्रोमेडा झुडपांबद्दल आधीच लिहून ठेवते. फोटोतली पांढऱ्या घुंगरांसारखी घोसांनी लोंबणारी फुलं ती हीच. पुस्तकी नाव पिएरिस जपोनिका. मूळची जपान, तैवान आणि पूर्व चीनची; कूळ ऱ्होडोडेंड्रॉन, अझेलिया आणि ब्लूबेरीचं. आपल्या रानात ज्या गोष्टी बिनघोर चालतात, त्यातल्या बऱ्याचशा या कुळाला मानवत नाहीत.

आधी चुना. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो ना, पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तस्साच यावरही पडतो. कारणही तेच: मातीत लोह असतं, पण सामू (पीएच) चढला की मुळांना ते उचलता येत नाही. ऊस साडेसातच्या सामूतही निभावून नेतो, याला ४.५ ते ५.५ लागतो आणि ६ च्या वर कुरकुर सुरू होते. तेव्हा शेगडीची राख, अंड्याची टरफलं, लॉनसाठी आणलेला चुना, यातलं काही बुंध्याशी नको. कॉफीचा चोथा आंबट असतो असं इथे सगळे सांगतात. वापरलेल्या चोथ्यात आंबटपणा फारसा उरत नाही, त्यावर विसंबू नका.

पान पिवळं दिसलं तरी लगेच हिराकस, म्हणजे लोहाचं खत, काढू नका. आधी बोटभर माती उकरून बघा. चिखल लागला तर दुखणं पाण्याचं आहे, लोहाचं नाही. माती ठीक असेल तर सामू तपासायचा आणि चढलेला निघाला तरच गंधक. गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, त्यांना ऊब लागते आणि महिने लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून दुसरी मूठ टाकलीत तर मुळं जळतील.

आता आळं. याची मुळं केसासारखी बारीक आणि अगदी वरच्या थरात पसरलेली. आळ्यात पाणी साचलं की फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जीव मुळं कुजवतो. गंमत म्हणजे मुळं कुजलेलं झाडही मान टाकतं, तहानलेल्यासारखंच दिसतं. माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड जातं. खुरपणीही नको, खुरप्याच्या एका फेऱ्यात निम्मी मुळं तुटतात. तण हातानं उपटायचं. वर पाइनच्या सालीचं ५ ते ७ सेंटिमीटर आच्छादन असू द्या, फक्त खोडापासून चार बोटं लांब. पाऊस नसेल तर आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी, सावकाश. पिंपातलं पावसाचं पाणी असेल तर तेच.

तिसरं झाड तुमच्या हातानं लावायचं म्हणून थांबले आहे. जागा घराच्या भिंतीपासून निदान मीटरभर दूर, कारण सिमेंटचा चुना पावसानं मातीत झिरपतो. सकाळचं ऊन, दुपारची सावली. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दोन-तीन पट रुंद, पण खोली गड्ड्याहून ३ सेंटिमीटर कमी. झाड जमिनीच्या किंचित वर बसलं पाहिजे. नर्सरीच्या कुंडीतलं पीट (कुजक्या शेवाळाची माती) एकदा सुकलं की वरून कितीही ओता, पाणी कडेनं निघून जातं. म्हणून लावण्याआधी कुंडी बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. गोल फिरलेली मुळं चाकूनं तीन-चार ठिकाणी उभी चिरायची. इथली माती चिकट आहे, तिच्यात तिसरा हिस्सा कुजलेली साल मिसळा. ताजं शेणखत नाही. रासायनिक खत अझेलियाचंच, नायट्रेटचं नको; याला नत्र अमोनियमच्या रूपात मानवतं.

तुम्ही पोचाल तेव्हा फुलं वाळलेली असतील. वाळका घोस खालच्या नव्या पानांच्या जरा वर चिमटायचा. छाटणी करायची तर तेव्हाच, जूनच्या मध्यापर्यंत. पुढच्या वसंताच्या कळ्या याच उन्हाळ्यात धरतात आणि हिवाळाभर तशाच लोंबतात. ऑगस्टमध्ये सिकेटर चालवलंत तर झाड सुबक दिसेल, पण पुढच्या वर्षी फुलं नाहीत. शेंड्याची लाल पानं रोगट नव्हेत, ‘माउंटन फायर’ जातीची पालवी तशीच असते. पुढे हिरवी होते. ती काळी पडली असेल तर उशिरा आलेल्या हिमानं भाजली असं समजा, खालून दुसरी फुटते.

कीड एकच लक्षात ठेवा, लेसबग. हीसुद्धा जपानचीच. पानावर पांढुरके ठिपके, आणि उलटं केलं की डांबराचे थेंब उडाल्यासारखी काळी विष्ठा. उन्हातल्या झाडावर जास्त. मेच्या उत्तरार्धात पिल्लं निघतात, तेव्हा पानांच्या खालून पाण्याचा जोरकस फवारा मारला तर बरीचशी गळून पडतात. आठवड्यानं पुन्हा. तरी उरली तर कीटकनाशक साबण संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं. वरून मारलेला वाया जातो.

आई, हे तुझ्यासाठी. फुलं सुंदर आहेत, पण पूजेच्या ताम्हणात किंवा पंचामृतात नकोत. पान, फूल, मध, सगळ्यात ग्रायनोटॉक्सिन नावाचं विष असतं. पोटात गेलं तर उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते. जपानी लिपीत याचं नाव घोडा, नशा आणि झाड अशा तीन अक्षरांनी लिहितात. नारा शहरातली हरणं याला तोंड लावत नाहीत, आणि आमच्या परसातलीही होस्टाची पानं फस्त करून हे तसंच सोडतात. मुलांकडे लक्ष असू दे. पॉयझन कंट्रोलचा (विषबाधेच्या मदतकेंद्राचा) नंबर फ्रिजवर लावला आहे.

आप्पा, फांदी गावी न्यायचा विचार नको. परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (झाड निरोगी असल्याचा दाखला) लागतं, आणि नेली तरी आपला उन्हाळा आणि चुनखडी तिला जगू देणार नाहीत. याची भारतातली बहीण, पिएरिस फॉर्मोसा, सिक्कीम-अरुणाचलच्या डोंगरात असते. बघायचीच असेल तर तिकडे जाऊ.

सिकेटर इथे आहे, आणू नका. सामू तपासायची पट्टी मात्र तुमच्या कपाटातली आणा, माझी संपली आहे.

तुमची,
लेक