तिसाव्या दिवशी पेशंट कुठे असतो? वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत संशोधनातल्या पेशंटच्या पाठपुराव्यासाठी कायम पदे मंजूर करण्याबाबत

मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑपरेशनच्या जखमेत इन्फेक्शन झाले की नाही, हे ठरवायला जगभर एक मुदत पाळतात. साध्या ऑपरेशनला ३० दिवस. आत जाळी, प्लेट किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल तर ९० दिवस. मुंबईतल्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात हर्नियाचा पेशंट दोन-तीन दिवसांत घरी जातो, कारण त्याच्या खाटेवर पुढचा पेशंट यायचा असतो. टाके काढायला तो परत आला तर ठीक. सावंतवाडीचा असेल तर टाके गावचे डॉक्टर काढतात, जखम चिघळली तर अँटिबायोटिकही तेच देतात. आपल्या केसपेपरवर राहते ती ‘डिस्चार्जच्या वेळी जखम कोरडी’ एवढी ओळ. वर्षभराने कोणी रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर, थिसिससाठी ते पेपर काढून बसतो, तेव्हा ही ओळ ‘इन्फेक्शन नाही’ या रकान्यात मोजली जाते.

अशा १०० पेशंटांपैकी ७० जण ठरलेल्या दिवशी आले आणि त्यांतल्या ७ जणांना इन्फेक्शन निघाले, तर कागदावर प्रमाण १० टक्के दिसते. न आलेल्या ३० पैकी निम्म्यांची जखम चिघळली असेल, तर खरा आकडा १०० पैकी २२ होतो. दुपटीहून जास्त. न येणारे लोक येणाऱ्यांसारखेच असतात, असे धरून चालता येत नाही. कोणी पूर्ण बरा झाला म्हणून येत नाही, कोणी दुसरीकडे दाखल झाला म्हणून, कोणी दगावला म्हणून.

आमचे म्हणणे एवढेच आहे : मुंबईच्या शिकवणाऱ्या रुग्णालयांना पेशंट कमी नाहीत, प्रश्न कमी नाहीत, हुशार डॉक्टरही कमी नाहीत. पेशंट घरी गेल्यावर त्याच्याशी संबंध टिकवणारे माणूस नाही. ते काम आज ज्याच्याकडे आहे तो रेसिडेंट आधीच २४ तासांची इमर्जन्सी करून आलेला असतो.

पाठपुरावा नीट झाला की काय हाती लागते, ते याच शहरात दिसले आहे. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत हाताने स्तनांची तपासणी केली. मॅमोग्राफीचे यंत्र नाही, रेडिओलॉजिस्ट नाही. २०२१ साली निष्कर्ष छापून आले : पन्नाशीच्या वरच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी. हे कळायला २० वर्षे त्या घरांकडे पुन्हा पुन्हा जावे लागले. त्याच कामात सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुखाची तपासणी झाली आणि त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे १२ वर्षांच्या पाठपुराव्यातून दिसले.

टाटाचेच अलीकडचे दोन अभ्यासही पाहा. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी काही मिनिटे गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारे नेहमीचे औषध, टोचायचे, बाकी सगळे नेहमीसारखे. सुमारे १,६०० स्त्रियांच्या या चाचणीत पाच वर्षांनी आजार न उलटता जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेले. दुसऱ्या चाचणीत डोके-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरला निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा अगदी छोटा डोस, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिला. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम आणि तोही दोन आठवड्यांनी. वर्षभराने जिवंत असलेले पेशंट १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. आपले औषध बारापट कमी पुरते का, हा प्रश्न कोणतीही कंपनी स्वतःच्या पैशाने विचारणार नाही. तो सार्वजनिक रुग्णालयानेच विचारायचा असतो. टाटा केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे पाठपुरावा हे स्वतंत्र काम मानले जाते आणि त्याला स्वतंत्र माणसे असतात. आपल्या महाविद्यालयांत नेमके तेच नाही.

जुने उदाहरण याच शहरातले आहे. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात ती टोचली. टोचलेले आणि न टोचलेले, दोघेही एकाच भिंतीआड होते, म्हणून कोणाला प्लेग झाला हे मोजता आले. कैद्यांवर असे करणे आज कोणत्याही एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधन नैतिक आहे का हे तपासून मंजुरी देणाऱ्या समितीत, बसणार नाही आणि बसूही नये. पण म्हणूनच, मोकळ्या माणसाला त्याच्या मर्जीने वर्षभर जोडून ठेवायचे असेल, तर ते काम कोणीतरी रोज, ठरवून करावे लागते.

आता रेसिडेंटच्या हाती किती वेळ उरतो तो हिशेब. एमडी-एमएसचे ३६ महिने. विषय ठरून एथिक्स कमिटीची परवानगी मिळेपर्यंत पहिले ६ गेले. थिसिस परीक्षेच्या ६ महिने आधी द्यायचा, ते ६ गेले. जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या कामाचे ३. राहिले २१. अभ्यासात सहा महिन्यांचा पाठपुरावा असेल, तर नवे पेशंट घ्यायला १५ महिने. त्यात ६० पेशंट होतात आणि थिसिस ६०चा होतो.

६० पेशंटांत काय कळते? समजा एखाद्या उपायाने गुंतागुंतीचे प्रमाण २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येते, म्हणजे निम्मे होते. हे ८० टक्के खात्रीने पकडायचे तर प्रत्येक गटात साधारण २०० पेशंट लागतात, एकूण ४००. दहा टक्के गळती, म्हणजे मध्येच सुटणारे पेशंट, धरली तर ४४५ घ्यावे लागतात, ३० टक्के गळती असेल तर ५७२. तीस-तीसच्या दोन गटांत सहा विरुद्ध तीन एवढाच फरक दिसेल, आणि तो नशिबानेही पडू शकतो. मग थिसिसच्या शेवटी ‘फरक आढळला नाही’ असे लिहिले जाते. खरे तर फरक दिसण्याइतके पेशंटच नव्हते. आठ महाविद्यालयांतल्या आठ रेसिडेंटनी एकच प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाची लेखी योजना, घेतला, तर दहा टक्के गळती धरूनही प्रत्येकाच्या वाट्याला ५६ पेशंट येतात आणि प्रश्नाचे खरे उत्तर मिळते. प्रत्येकाचा विषय वेगळाच हवा, ही रूढी आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मोडावी. अनेक केंद्रांच्या अभ्यासाला एकाच एथिक्स कमिटीने समाईक मंजुरी देण्याची मार्गदर्शक तत्त्वे आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) २०१९ मध्येच दिली आहेत. केईएम, नायर, सायन, कूपर ही रुग्णालये पालिकेची असली, तरी त्यांची महाविद्यालये नाशिकच्या याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्यामुळे हा एक निर्णय सगळीकडे पोचेल.

मंजुरीच्या तारखेचेही पाहावे लागेल. लेप्टो आणि डेंग्यूचे पेशंट जुलै ते सप्टेंबरमध्ये येतात. प्रोटोकॉल मे महिन्यात एथिक्स कमिटीकडे गेला, जूनच्या बैठकीत कोरम (हजर असायलाच हवेत तेवढे सदस्य) भरला नाही, जुलैत शंका काढल्या आणि मंजुरी ऑक्टोबरात हाती आली, तर त्या रेसिडेंटचा तो पावसाळा गेला. पावसाळी आजारांचे प्रोटोकॉल फेब्रुवारी-मार्चमध्येच बसवले पाहिजेत. २०१९च्या क्लिनिकल चाचणी नियमांनुसार कमिटीत किमान सात सदस्य लागतात, निम्मे बाहेरचे, आणि कोरम पाचाचा, त्यात कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिकही हवा. बहुतेक वेळा अडते ते या बाहेरच्या सदस्यांपाशी. वर्षाच्या सुरुवातीला बाराही तारखा ठरवून देणे आणि प्रवासखर्च वेळेवर देणे, एवढ्याने ते बरेच सुटते.

पाठपुराव्याची गळती बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी, संमती घेताना सुरू होते. संमतीपत्राचे मराठी भाषांतर अनेकदा असे असते की त्यात ‘यादृच्छिकीकरण’ हा शब्द येतो आणि वाचणारा तिथेच थांबतो. त्याला ‘कोणते औषध मिळेल हे चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत’ असे सांगितले की लगेच कळते. ‘प्लासिबो’ला ‘दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी’ म्हणावे. ‘आमच्यावर प्रयोग करताय का?’ हा प्रश्न नातेवाईक विचारतातच. त्याचे सरळ उत्तर द्यायला वीस-तीस मिनिटे आणि बसायला दोन खुर्च्या लागतात. ओपीडीच्या दारात, रांग थोपवून हे होत नाही. वाचता न येणाऱ्यासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. वॉर्डातली सिस्टर किंवा त्याच युनिटचा इंटर्न चालत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यावरच्या मुलाची लेखी संमती आईवडिलांच्या संमतीबरोबरच घ्यायची असते. हे समजून सह्या करणारा पेशंट पुढच्या तारखेला येतो. घाईत अंगठा दिलेला येत नाही, आणि त्याचे काही चुकतही नाही.

पत्त्याची आणि फोनची गोष्ट जवळून पाहावी अशी आहे. केसपेपरवरचा नंबर पुष्कळदा सोबत आलेल्या शेजाऱ्याचा असतो. कधी घाईत लिहिलेला १ पुढे ७ वाचला जातो. म्हणून नंबर लिहिताक्षणी समोर मिस्ड कॉल देऊन फोन वाजतो का ते पाहायचे. तीन नंबर घ्यायचे : स्वतःचा, घरातल्या कोणाचा आणि गावाकडचा. ‘शिवाजीनगर, गोवंडी’ हा पत्ता होत नाही. गल्ली कोणती, जवळ कोणते मंदिर, मशीद किंवा रेशनचे दुकान, हे हवे. पुनर्वसनात चाळ पाडली की कुटुंब ट्रान्झिट कॅम्पात जाते, तेव्हा गावचा नंबरच कामाला येतो. रोजंदारीवरचा माणूस सकाळी ११ वाजता फोन उचलत नाही. संध्याकाळी ७ नंतर किंवा रविवारी उचलतो, आणि त्या वेळी रुग्णालयात हे काम करायला कोणी नसते.

पुढची अडचण वाराची. प्रत्येक युनिटची ओपीडी ठरलेल्या वारी असते. तपासणीची तारीख शुक्रवारी आली आणि युनिटचा वार मंगळवार असेल, तर ‘मंगळवारी या’ सांगून परत पाठवलेला पेशंट सहसा मंगळवारी येत नाही. त्याची एक दिवसाची मजुरी आणि कसाऱ्याहून किंवा विरारहून यायचे भाडे आधीच गेलेले असते. हे भाडे द्यायला एथिक्स कमिटीची हरकत नसते. बिल लेखा विभागातून पास व्हायला महिने लागतात, अडचण ती आहे. ते त्याच दिवशी हातात पडले पाहिजे. गणपतीत आणि होळीत कोकणातली माणसे गावी जातात, मे महिन्यात उत्तरेकडची. तारखा लावतानाच हे पाहून आठवडाभर मागेपुढे मुभा ठेवली, की तेवढे पेशंट हातातून निसटत नाहीत.

प्रयोगशाळेतली गळती डोळ्यांना दिसत नाही. साध्या ट्यूबमधले रक्त वेगळे न करता ठेवले, तर त्यातली साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. वॉर्डबॉय नमुने गोळा करून दोन तासांनी नेत असेल, तर मधुमेहाच्या अभ्यासातले निम्मे आकडे लिफ्टच्या रांगेत बदललेले असतात. साठवलेल्या सीरमचे (रक्तातून वेगळ्या केलेल्या पातळ भागाचे) तसेच. आपोआप बर्फ काढणारा फ्रीझर दर काही तासांनी आतून गरम होतो आणि नमुना विरघळून पुन्हा गोठतो. शिकवणाऱ्या रुग्णालयात उणे ८० अंशांचा फ्रीझर, त्याला जनरेटरची लाइन आणि रविवारीही तापमान लिहिणारा तंत्रज्ञ लागतो. वहीत रविवारचे रकाने कोरे असले, तर त्या फ्रीझरमधल्या नमुन्यांवर कोणी विश्वास ठेवू नये.

मागणी प्रत्येक महाविद्यालयामागे सहा कायम पदांची आहे : एक संख्याशास्त्रज्ञ, जो थिसिस सुरू होण्याआधी भेटेल, दोन समन्वयक, दोन वैद्यकीय समाजसेवक, ज्यांची वेळ दुपारी १२ ते रात्री ८ असेल, आणि नमुन्यांसाठी एक तंत्रज्ञ. ही माणसे कोणत्याही एका विभागाची नसावीत. शस्त्रक्रिया, प्रसूती, मेडिसिन, बालरोग, मानसोपचार सगळ्यांचा पाठपुरावा एकाच टेबलावरून व्हावा. आज समन्वयक एखाद्या प्रकल्पाच्या पैशावर येतो आणि प्रकल्प संपला की जातो. त्याच्याबरोबर पेशंटांचे नंबर, ओळख आणि विश्वासही जातो. याशिवाय, एथिक्स कमिटीच्या मंजुरीने मृत्यू नोंदणीत पेशंटचे नाव पडताळण्याची सोय सार्वजनिक आरोग्य विभागाशी बोलून करून द्यावी. आज एखादा पेशंट ‘संपर्क नाही’ म्हणून लिहिला जातो आणि त्याच शहराच्या नोंदणीत त्याच्या मृत्यूचा दाखला पडून असतो.

सुरुवातीला पैसाही लागणार नाही. आपण प्रत्येक महाविद्यालयाकडून गेल्या तीन वर्षांतल्या थिसिस आणि चाचण्यांचा एक तक्ता मागवावा. चार रकाने पुरतील : अभ्यासाचे नाव, किती पेशंट घेतले, शेवटच्या ठरलेल्या दिवशी किती प्रत्यक्ष पाहिले किंवा फोनवर बोलले, आणि राहिलेल्यांपैकी कितींचे काय झाले ते माहीत आहे. तक्त्याचा नमुना आम्ही तयार करून मंत्रालयात आणून देऊ.

आपले,
मुंबईतील शिकवणाऱ्या रुग्णालयांत क्लिनिकल संशोधनाचे काम करणारे डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ आणि समन्वयक