स्टेनलेसच्या सुरीला नावे ठेवण्याआधी भट्टी तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'स्टेनलेसच्या सुरीला धार टिकत नाही, घ्यायची तर लोखंडाचीच घ्या' हा सल्ला स्वयंपाकघराविषयीच्या लेखांतून आणि दुकानदारांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकू येतो. सल्ला अर्धवट आहे आणि सुऱ्या बनवणाऱ्या लहान कारागिरांना तो महागात पडतो. धार टिकत नाही ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी. एक तर पत्रा चुकीचा असतो, नाहीतर पत्रा बरोबर असून पाणी देताना, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करताना, तो पुरेसा तापवलेला नसतो. एका लहान विजेच्या भट्टीवर नीट काम केले तर दोन्ही टळते.

ही तक्रार या पोलादाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 साली सुमारे 13 टक्के क्रोमियमचे पोलाद तयार केले, तेव्हा तिथल्या सुरीवाल्यांनी ते नेहमीच्या रीतीने तापवून पाहिले आणि निकामी ठरवले. 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा' अशी ब्रिअर्ली यांची थट्टाही झाली. पोलादात खोट नव्हती. त्याला साध्या पोलादाहून बरेच जास्त तापमान लागते, हे कळायला वेळ गेला. आपल्याकडच्या अनेक भात्यांवर आजही तीच चूक चालू आहे.

आधी पत्रा. स्टेनलेसचे प्रकार क्रमांकांनी ओळखतात. भांड्यांसाठी येणारा 304 कितीही तापवून बुडवला तरी कडक होत नाही. त्यात कार्बन जेमतेम 0.08 टक्क्यापर्यंत असतो. 202 चेही तेच. या दोघांना लोहचुंबक धरत नाही, ही सोपी पारख. पण चुंबकाने धरले म्हणजे पत्रा सुरीचा, असेही नाही. 430 ला चुंबक चिकटतो आणि तरी त्याची सुरी होत नाही. सर्वात फसवा प्रकार 420 चा. या एकाच नावाखाली 0.15 पासून 0.40 टक्क्यापर्यंत कार्बन असलेला माल विकला जातो. 0.30 च्या खालचा पत्रा सुरीसाठी घेऊच नये. भंगार बाजारात हातातल्या यंत्राने तपासून दाखवतात ते क्रोमियम आणि निकेल. कार्बन त्या यंत्राला दिसत नाही. कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात कार्बनसह सगळे घटक मोजणारी स्पेक्ट्रो चाचणी सहज होते. खरेदीआधी एक तुकडा तिथे द्यावा, किंवा विक्रेत्याकडून मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे. दाढीच्या पात्यांसाठी बनलेले एईबी-एल नावाचे स्टेनलेस पोलाद (कार्बन 0.67, क्रोमियम 13 टक्के) घरगुती सुरीला फार उत्तम, आणि खालचे आकडे मुख्यतः त्याचेच देत आहे.

साध्या कार्बन पोलादाला 800 अंश सेल्सियसच्या आसपास पाणी देता येते. तापलेल्या पात्याला चुंबक चिकटेनासा झाला की आणखी थोडे तापवून बुडवायचे, एवढ्यावर लोहाराचे काम भागते. स्टेनलेसमध्ये कार्बन क्रोमियमच्या कणांत अडकलेला असतो आणि ते कण 1000 अंशांच्या वर, तेही काही मिनिटे ठेवल्यावरच, पुरेसे विरघळतात. चुंबक सुटताच बुडवलेले पाते म्हणूनच मऊ राहते. शिवाय क्रोमियम कणांतच राहिल्याने ते गंजतेसुद्धा. उलट 1120-1150 पर्यंत नेले तर पोलादाचे दाणे वाढतात, पाते ठिसूळ होते, आणि बराचसा भाग ऑस्टेनाइट (तापलेल्या पोलादाची मऊ रचना) म्हणूनच उरल्याने कडकपणाही घसरतो. एईबी-एलला 1065 ते 1080 अंशांवर 10 ते 15 मिनिटे लागतात. 440सी या सुरीच्या दुसऱ्या स्टेनलेसला 1010 ते 1060. एवढ्या अरुंद पट्ट्यात रंगावरून तापमान ओळखणे कसलेल्या डोळ्यालाही जमत नाही, दिवसाउजेडी तर नाहीच.

म्हणून तापमान आपोआप राखणाऱ्या कंट्रोलरची भट्टी हवी. 15 बाय 15 सेंटिमीटर तोंडाची आणि 40 सेंटिमीटर खोल भट्टी साधारण 3 किलोवॅटवर, 16 अँपिअरच्या प्लगवर चालते. आत हलक्या उष्णतारोधक विटा, कँथल ए-1 या तापणाऱ्या तारेची कॉइल, तापमान मोजणारे के-टाइप थर्मोकपल आणि पीआयडी कंट्रोलर. बिघाड होतो तो बहुधा थर्मोकपलपाशी. त्याचे टोक पात्याच्या जवळ हवे. कॉइलला खेटून असेल तर पाते मागे राहते आणि आकडा पुढे पळतो. जोडणीत साधी तांब्याची तार वापरू नये, के-टाइपचीच वापरावी, नाहीतर कार्यशाळेतल्या उकाड्यागणिक आकडा बदलतो. टोके उलटी जोडली तर भट्टी तापत असताना आकडा खाली जाऊ लागतो, तेव्हा लगेच बंद करावी. ऑटोट्यून (कंट्रोलरने स्वतःला भट्टीशी जुळवून घेणे) 1000 अंशांच्या जवळ करावे; 300 वर केलेले ट्यूनिंग वर गेल्यावर 20-20 अंश ओलांडून जाते. हजार अंशांवर राबलेले थर्मोकपल हळूहळू खोटे बोलू लागते, म्हणून एक नवे जवळ ठेवून मधूनमधून दोन्ही शेजारी लावून पाहावीत. आकडा गाठला तरी विटा मागे असतात. अर्धा तास स्थिर होऊ द्यावे आणि पाते दारापासून आत ठेवावे, कारण दाराजवळचा भाग नेहमीच थंड असतो. दार उघडताच वीज तोडणारा स्विच बसवलाच पाहिजे. चिमटा तापलेल्या जिवंत कॉइलला लागला तर शॉक बसतो.

पाते उघडे तापवले तर वर पापुद्रा धरतो आणि त्याखालचा कार्बन जळून जातो. त्यासाठी 0.05 मिलिमीटर जाडीची स्टेनलेस फॉइल येते. 1080 अंशांसाठी 309 प्रकारच्या स्टेनलेसची घ्यावी. 321 ची फॉइल या तापमानाला तिच्या मर्यादेवर असते. पाकिटाच्या कडा दोनदा दुमडून रूळाने दाबाव्यात, आत कागदाचा लहान कपटा ठेवावा म्हणजे उरलेली हवा तो जळताना संपते. फॉइलची कड ब्लेडसारखी कापते, चामडी हातमोजे घालूनच काम करावे. पाते भट्टीत जाण्यापूर्वी धारेची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी नको. त्याहून पातळ धार लाटेसारखी वाकते आणि मग सरळ होत नाही.

थंड करण्यासाठी तेल लागत नाही. 25 मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या दोन सपाट पट्ट्या पुरतात. पाकीट न फोडता भट्टीतून थेट पट्ट्यांमध्ये, दोन-तीन सेकंदांत, आणि वरून क्लॅम्प. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते म्हणून बरेच जण बिचकतात, पण दोन मिलिमीटरच्या पात्यात तेवढी उष्णताच नसते. इथे रेंगाळले तर क्रोमियमचे कण दाण्यांच्या सीमांवर पुन्हा जमतात आणि पाते ठिसूळही होते, गंजकेही. थोडा बाक आला असेल तर पाते हाताला गरम लागत आहे तोवरच सरळ करावे. पुरते थंड झाल्यावर वाकवले तर मोडते.

पुढची पायरी आपल्याकडे जवळजवळ कुणीच करत नाही. एईबी-एल खोलीच्या तापमानाला आले तरी त्यातल्या ऑस्टेनाइटचे कडक रचनेत होणारे परिवर्तन पुरे झालेले नसते. त्याला लगेच, टेंपरिंगच्या (ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा बेताने तापवण्याच्या) आधी, खूप थंड करावे लागते. कोरडा बर्फ आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांच्या लगद्यात उणे 78 अंश मिळतात, तासभर पुरे. काम मोकळ्या हवेत, ज्वाळेपासून दूर करावे; बंद खोलीत कोरड्या बर्फाचा वायू जीव घेऊ शकतो. तेही नसेल तर घरच्या फ्रीझरचा थोडा फायदा होतो, पण दुसऱ्या दिवशी ठेवून नाही. उरलेले ऑस्टेनाइट जितके मुरते तितके हट्टी होते.

मग 175 अंशांवर दोन-दोन तास, दोनदा टेंपरिंग, मधे पूर्ण थंड होऊ देऊन. घरचा ओव्हन 15 अंश वरखाली होतो, म्हणून पाते वाळूच्या ट्रेमध्ये पुरावे आणि वाळूतले तापमान मोजावे. रंग येईपर्यंत तापवायची लोहारी सवय इथे घातक आहे. 450-500 अंशांपर्यंत गेलेले पाते गंजरोधकपणा गमावते. नंतर घासताना धार निळी पडली तर तेवढ्या भागाचे पाणी उतरलेच समजा. उघड्या हाताने धरून, सतत पाण्यात बुडवत घासावे. लोखंडावर वापरलेला घासायचा पट्टा किंवा तारेचा ब्रशही स्टेनलेसवर नको. त्याचे कण रुततात, गंजाचे ठिपके येतात आणि दोष पोलादाला मिळतो.

कानस घसरली म्हणजे पाते कडक, ही परीक्षा पुरेशी नाही. वरचा कार्बन जळालेला असेल तर आतून कडक असलेल्या पात्यावरही कानस चावते. कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्रावर, मुठीकडच्या सपाट आणि घासून साफ केलेल्या भागावर मोजावे. वरील रीतीने एईबी-एल 60 च्या वर येते. जर्मन घाटणीच्या कारखानदारी सुऱ्या 55 ते 58 च्या आसपास असतात.

माझी मागणी नेमकी आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या, पारंपरिक कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत लोहार आहेत. 5 ते 7 दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण आणि टूलकिटसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. तेवढ्यात भट्टी येत नाही. म्हणून प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रांनी कंट्रोलरची एक भट्टी, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि एक रॉकवेल यंत्र ठेवावे, आणि प्रशिक्षण संपल्यावरही आठवड्यातला एक दिवस परिसरातील कारागिरांना भाड्याने खुले ठेवावे. एका खेपेला सहा-आठ पाती सहज निघतात. आणि पात्यावर 'स्टेनलेस स्टील' एवढेच न कोरता पोलादाचा प्रकार आणि मोजलेला रॉकवेल आकडा कोरावा. गिऱ्हाइकांनीही तो विचारून घ्यावा.

आपला,
सुऱ्या घडवणारा एक वाचक, कोल्हापूर