टुसॉनचे वारकरी

टुसॉन, अ‍ॅरिझोना

ती. बाबांस सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही हसलात, "सांडपाण्याच्या डबक्यावर पक्षी बघायला जातेस?" आणि आई मागून म्हणाली, "नाकाला रुमाल लाव." राग नाही आला, पण फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

स्वीटवॉटर वेटलँड्स नावाची ही पाणथळ जागा निसर्गानं नाही, महापालिकेनं केली, १९९६ साली. हेतू पक्ष्यांचा नव्हताच. शुद्धीकरण केंद्रातले फिल्टर उलटं पाणी सोडून धुतात, तेव्हा निघणारं गढूळ पाणी निवळायला जागा हवी होती. ते पाणी पाणकणसांतून सावकाश फिरतं, गाळ खाली बसतो. पुढे ते उथळ तळ्यांतून जमिनीत जिरवतात. वाळू-मातीतून गाळून खाली गेलेलं पाणी विहिरींनी पुन्हा उपसायचं आणि बागा, शाळांची मैदानं, गोल्फची हिरवळ यांना द्यायचं. पिण्याच्या पाण्यात गल्लत नको म्हणून याचे पाइप जांभळे. हे फेरवापराचं पाणी शहर १९८४ पासून वापरतंय. इथं वर्षाला पाऊस जेमतेम अकरा-बारा इंच, मग दुसरं करणार काय!

आता पक्षी. पहिल्या दिवशी लाकडी कठड्याला टेकले, आणि समोर वारकरी! तुम्हीच मला लहानपणी तलावावर दाखवले होते, काळे, कपाळावर पांढरा टिळा. इथले जवळच्या दुसऱ्या जातीचे. टिळ्याच्या वरच्या टोकाला तांबडा ठिपका जास्तीचा, बाकी भांडखोरपणा तोच. बदकांतला थापट्या मात्र अगदी आपलाच. आपल्याकडे सैबेरियाच्या बाजूनं येतो, इथं कॅनडाकडून. चमच्यासारखी चोच पाण्यात बुडवून सात-आठ जण एकामागे एक गोल गोल फिरत होते, जात्याभोवती फिरल्यासारखे. तळाचं ढवळून वर आणतात आणि पुढच्याच्या मागचं गाळून खातात. मी अर्धा तास तिथंच. वास म्हणाल तर ओल्या चिखलाचा.

डासांचा प्रश्न आईला पडणारच. पाणकणीस दाट माजलं की डास वाढतात, म्हणून थंडीच्या दिवसांत अग्निशमन दलाचे लोक एक एक तुकडा चक्क पेटवून देतात. मला आधी कसंसंच झालं. पण मुळं पाण्यात, त्यामुळे जळतं ते वरचं. पुन्हा हिरवे कोंब फुटतात आणि लाल खांद्यांचे काळे पक्षी त्यावर झोके घेत ओरडायला हजर. उन्हाळ्याच्या महिन्यांत सोमवारी सकाळी डासांची फवारणी असते, तेव्हा फाटक बंद. हे मला बंद फाटकासमोर डबा-दुर्बीण घेऊन उभं राहिल्यावर कळलं.

खरी गोष्ट पुढेच आहे. शहरातून वाहणारी सांताक्रूझ नदी भरमसाट उपशामुळे कोरडी पडली होती. २०१९ च्या जूनपासून गावाच्या मध्यभागी हेच फेरवापराचं पाणी पात्रात सोडतात. पुलावरून मी पाहिलं: वाळूच्या रुंद पात्रात एक बारीकशी धार आणि तिच्या दोन्ही काठांना फक्त हातभर हिरवळ. त्यापलीकडे लगेच वाळवंट, सुरीनं कापल्यासारखं.

तुम्ही दोघं इकडे याल तेव्हा आईला रुमाल आणायचा असेल तर आणू दे, उन्हाला उपयोगी पडेल. तुमची जुनी दुर्बीण मात्र विसरू नका, माझी एका डोळ्यानं धूसर दाखवते. आणि तिकीट काढताना बघा, मुक्कामात सोमवार सोडून चार-पाच सकाळी तरी मिळाल्या पाहिजेत.

तुमची,
मनू