फेअरिंग घरी रंगवताना

महोदय,

पावसाळ्यात मोटारसायकल उभीच असते, म्हणून ओरखडलेले फेअरिंग (बाहेरचे प्लास्टिकचे आवरण) काढून गॅलरीत स्प्रे कॅनने रंगवायची हौस अनेकांना येते. नेमका हाच काळ त्याला वाईट. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले बाष्प त्यावर बसते आणि चकाकीऐवजी दुधाळ झाक येते. दिवाळीपर्यंत थांबलेले बरे.

रंग पापडासारखा सुटतो, त्याचे खापर मात्र हवेवर फोडू नये. पॅनेल उलटे करून आतला प्लास्टिकच्या प्रकाराचा शिक्का वाचावा. ‘एबीएस’ असेल तर प्लास्टिक प्रायमर (रंगाखालचा थर) पुरतो. ‘पीपी’ असेल तर त्याआधी अ‍ॅडहीजन प्रमोटर (थर प्लास्टिकला चिकटवणारे द्रव्य) हवाच. सिलिकॉन पॉलिशचा अंश राहिला की रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. म्हणून आधी साबणाने धुवावे, ग्रीस रिमूव्हरने पुसावे, मगच ४०० नंबरचा पाणीपेपर लावावा. प्रायमरवर ६०० किंवा ८००.

कॅन २०-२५ सेंटिमीटरवर धरावा. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. दोन हातांच्या मध्ये १०-१५ मिनिटे जाऊ द्यावीत. इथे घाई केली की ओघळ आलाच.

साधा क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) पेट्रोलच्या थेंबाने मऊ पडतो, म्हणून टाकीजवळ हार्डनर (थर कडक करणारे रसायन) मिसळलेला ‘टू-के’ क्लिअर वापरतात. त्याच्या फवाऱ्यात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असते. कापडी मास्क तिथे कुचकामी. योग्य श्वसनसाधन नसेल तर तेवढा शेवटचा हात सरळ गॅरेजवाल्याकडून मारून घ्यावा.

– एक वाचक, ठाणे