सह्याद्रीतील नव्या बोल्टसाठी हँड ड्रिलच हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरला की पुण्यातल्या गिर्यारोहण संस्थांच्या प्रस्तरारोहण मोहिमांना सुरुवात होते आणि तैलबैला, ड्यूक्स नोज, जीवधनशेजारची वानरलिंगी, लिंगाणा अशा ठिकाणी पुन्हा दोर लागतात. यंदाचा हंगाम तोंडावर असताना एका गोष्टीकडे आपल्या वृत्तपत्रातून लक्ष वेधावेसे वाटते. बॅटरीवर चालणारी ड्रिल मशिन आता हलकी आणि आवाक्यातली झाली असून, कातळात बोल्ट (दोर अडकवण्यासाठी भोक पाडून कायमचा बसवलेला धातूचा खिळा) ठोकणे हे मिनिटा-दोन मिनिटांचे काम होऊन बसले आहे. परिणामी, जिथे पूर्वीच्या आरोहकांनी भेगांचा आधार घेत चढाई केली होती, अशा मार्गांवरही हात पोहोचेल तिथे नवे बोल्ट दिसू लागले आहेत. नव्या मार्गावर बोल्ट ठोकायचाच असेल तर तो हँड ड्रिलने ठोकावा आणि मशिनचा वापर केवळ जुने, गंजलेले बोल्ट बदलण्यापुरता असावा, असा लेखी नियम आपण आरोहकांनी करावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. हँड ड्रिल म्हणजे पोलादी मुठीत बसवलेला ड्रिलचा बिट. सोबत एक हातोडी. एका हाताने मूठ कातळाला काटकोनात धरायची, दुसऱ्या हाताने हलके पण सलग घाव घालायचे आणि प्रत्येक घावासरशी मूठ थोडी फिरवत राहायची, नाहीतर बिट अडकतो आणि भोक गोल पडत नाही. मधूनमधून रबरी नळीने फुंकून भुकटी बाहेर काढावी लागते, कारण ती आत राहिली तर बोल्टची पकड कमी होते. आपल्या घट्ट बसाल्टमध्ये दहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टसाठी पुरेसे खोल भोक पाडायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, आणि हे सगळे पायाखाली बोटभर कंगोरा असताना किंवा एखाद्या पिटॉनवर (भेगेत ठोकलेल्या पोलादी खिळ्यावर) लटकून करायचे असते. खाली बिले देणारा, म्हणजे आरोहक पडलाच तर दोराने त्याला रोखणारा साथीदार तेवढा वेळ मान वर करून, अंगावर भुकटी झेलत दोर सांभाळत असतो.

एवढे कष्ट पडतात, म्हणूनच बोल्ट ठोकण्याआधी आरोहक शंभरदा विचार करतो. आणखी दोन हात वर एखादी भेग मिळते का, तिथे चोक (भेगेत अडकवायचा धातूचा तुकडा) किंवा पिटॉन बसेल का, हे तो आधी पाहतो आणि दुसरा काही इलाजच उरला नाही की मग हातोडी काढतो. कुठल्या मार्गावर किती बोल्ट असावेत, याचा नियम सह्याद्रीत कुणी लिहून ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तो लिहिण्याची गरजही पडली नाही, कारण भरून आलेली मनगटेच तो पाळायला लावत होती. मशिनने हा अडसर दूर केला आहे आणि त्याच्या जागी दुसरा कोणताही अडसर आपण घातलेला नाही.

हँड ड्रिलच्या बाजूने आणखी एक कारण आहे आणि ते खास आपल्या कातळाशी संबंधित आहे. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे. त्यात कुठे एकसंध, घट्ट बसाल्ट लागतो, तर कुठे वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या पडलेला सच्छिद्र थर लागतो. या पोकळ्यांत पुष्कळदा जिओलाइटचे स्फटिक भरलेले असतात (वाघोलीच्या दगडखाणींतील असे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत). दोन थरांमध्ये तांबड्या मातीसारखा ठिसूळ पट्टाही आढळतो. हातोडीचा घाव घट्ट खडकावर खणखणीत वाजतो आणि पोकळी जवळ आली की आवाज बद्द होतो, बिट एकदम पुढे सरकतो, बाहेर येणाऱ्या भुकटीचा रंग बदलतो. ही जागा बोल्टच्या लायकीची नाही, हे हाताला आणि कानाला वेळेवर कळते. मशिनच्या घरघरीत आणि वेगात ही सूचना बहुधा हरवून जाते. वरून नवाकोरा दिसणारा बोल्ट आत पोकळ खडकात बसलेला असू शकतो.

या वादाचा इतिहास जुना आहे. न्यू मेक्सिकोतील शिपरॉक या ज्वालामुखीजन्य सुळक्यावर १९३९ मध्ये डेव्हिड ब्राउअर आणि त्यांच्या तीन साथीदारांनी पहिली चढाई केली, तेव्हा त्यांनी एक्स्पान्शन बोल्ट (भोकात फुगून घट्ट बसणारे) वापरले ते अवघे चार. वॉरन हार्डिंग यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील योसेमिटीमधल्या एल कॅपिटन या कड्याच्या ‘नोज’ मार्गावर सव्वाशे बोल्ट ठोकले, त्यातले शेवटचे अठ्ठावीस एका रात्रीत, हाताने. म्हणजे केवळ हँड ड्रिलमुळे संख्या आपोआप कमी होते असे नाही, पण प्रत्येक भोकाची किंमत मोजावी लागते. त्याउलट, चेझारे माएस्त्री यांनी १९७० मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियातील सेरो टोरे शिखरावर पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर चढवून सुमारे चारशे बोल्ट मारले. त्यावरून दशकानुदशके वाद पेटला आणि २०१२ मध्ये दोन तरुण आरोहकांनी त्यातले शंभराहून अधिक बोल्ट उपटून काढले. योसेमिटीत आजही मोटरच्या ड्रिलला बंदी असून बोल्टसाठीची भोके हातानेच पाडावी लागतात.

आता दुसरी बाजू, जी मला तितकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या जुन्या मार्गांवर आठ मिलिमीटरचे बोल्ट आजही आढळतात. त्यांतल्या अनेकांची नळी स्वतःच टोकाच्या दात्यांनी भोक पाडणारी असते आणि ती खडकात जेमतेम तीस मिलिमीटर आत जाते. साध्या पोलादाचे हे बोल्ट कितीतरी पावसाळे भिजलेले असतात. डोके चकचकीत दिसले तरी आतला भाग गंजलेला असू शकतो. शिवाय हात थकले की भोक जरा आधीच पुरेसे खोल वाटू लागते, हा हँड ड्रिलचा खरा दोष आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय निकषानुसार कातळाच्या समांतर दिशेने बोल्टने किमान २५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टनांचा भार पेलायला हवा. बिले आणि रॅपलिंगच्या (दोरावरून खाली उतरण्याच्या) जागी, जिथे दोन-तीन माणसांचा जीव एकाच ठिकाणी टांगलेला असतो, तिथे पूर्ण खोलीच्या सरळ भोकात दहा किंवा बारा मिलिमीटरचे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि त्याच धातूचे हँगर (बोल्टला जोडलेली, दोर अडकवायची पट्टी) बसवण्यासाठी अनुभवी हातांनी मशिन जरूर वापरावे. मात्र जुना बोल्ट काढून त्याचे भोक बुजवावे. जुन्याच्या शेजारी नवा, त्याच्या शेजारी आणखी नवा, अशी रांग लावू नये.

किल्ल्यांच्या बाबतीत तर प्रश्न निव्वळ खेळाच्या नीतीचा उरत नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या शंभर मीटर परिसराला कायद्याचे निर्बंध आहेत आणि २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांपैकी शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन आपल्याच जिल्ह्यात आहेत. अशा ठिकाणी परवानगीशिवाय कातळाला ड्रिल लावणे, मग ते हाताचे असो वा बॅटरीचे, सर्वांनी टाळले पाहिजे.

अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाने पुढाकार घेऊन पुण्या-मुंबईच्या संस्था आणि लिंगाण्यासारख्या ठिकाणी व्यावसायिक सहली नेणारे आयोजक यांना दिवाळीपूर्वी एकत्र बोलवावे, ही विनंती. प्रत्येक मार्गावरील बोल्टची जागा, जाडी, धातू, भोकाची खोली आणि बसवल्याचे वर्ष यांची एक सामायिक नोंदवही या बैठकीत सुरू व्हावी. पहिल्या नोंदी तैलबैला आणि ड्यूक्स नोजच्या कराव्यात, कारण नवशिक्यांची सर्वाधिक वर्दळ माझ्या पाहण्यात तिथेच असते.

आपला नम्र,
एक प्रस्तरारोहक, पुणे