इटलीतला गडगा आणि आपला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला इटलीवरचा लेख वाचला. रोम, व्हेनिस, पिझ्झा सगळं आलं. पण ज्या इटलीत मला माझी वाडी आठवली, ती राहून गेली.

मी बोटीवर इंजिनाकडे ऑइलमन होतो. १९९८ च्या ऑक्टोबरात आमची बोट ला स्पेझ्झियाला लागली. सुट्टी मिळताच रेल्वेने दहा मिनिटांवरच्या रिओमाजोरे गावी गेलो. समुद्रातून सरळ उठलेला डोंगर, त्याला बिलगलेली घरं आणि वर पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षाचे मळे. प्रत्येक पायरीला गडगा, म्हणजे नुसते दगडावर दगड रचून घातलेली भिंत. चुना नाही, सिमेंट नाही. एक म्हातारा ढासळलेला भाग पुन्हा रचत होता. मोठे दगड तळाला, मागे बारीक दगडांची भर. माझे आजोबा कलमांच्या बागेत अगदी असाच गडगा घालायचे. भाषा कळत नव्हती. मी एक दगड उचलून दिला, त्याने तो फिरवून बसकी बाजू दाखवली. अर्धा तास मी त्याला दगड देत राहिलो.

इटली क्षेत्रफळाने जवळजवळ महाराष्ट्राएवढी, सुमारे ३ लाख चौरस किलोमीटर. लोकसंख्या मात्र आपल्या निम्मी, ५ कोटी ९० लाखांच्या आसपास, आणि ती घटते आहे. २०२३ मध्ये तिथे ४ लाखांहून कमी मुलं जन्मली. मरणारे त्याहून कितीतरी जास्त. डोंगरातली गावं आधीच रिकामी झालेली. रिओमाजोरेकडचे पुरुष ला स्पेझ्झियाच्या नौदल गोदीत गेले, जसे आमचे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत. मळे ओस पडले, गडग्यांकडे बघायला कोणी उरलं नाही.

२५ ऑक्टोबर २०११ ला तिथे काही तासांत प्रचंड पाऊस झाला. शेजारची व्हर्नात्सा आणि मॉन्तेरोस्सो ही गावं चिखलात बुडाली, माणसं गेली. बातमी वाचताना मला तो म्हातारा आठवत होता. गडग्याच्या फटींतून पाणी निथळतं, माती जागेवर राहते. गडगा पडला की माती पाण्याबरोबर खाली येते.

हा सगळा टापू १९९७ पासून जागतिक वारसा आहे. २०१८ मध्ये तर नुसत्या दगडावर दगड रचण्याच्या कलेलाच युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं, इटलीसह आठ देशांसाठी.

आणि आमच्याकडे? गेल्या उन्हाळ्यात आमच्या पाखाडीलगतचा पूर्वजांचा गडगा जेसीबीने दुपारभरात सपाट केला. त्या जागी सिमेंटची भिंत आली, पाणी जायला एक भोक नाही. पहिल्याच पावसात ती फुगली. खालच्या घरातल्या काकी रात्रभर जाग्या होत्या.

माझी विनंती एवढीच. उतारावरचा गडगा पाडायची वेळ आलीच, तर त्याच दगडांचा तो पुन्हा घालावा. ग्रामसभांनी हे काम रोजगार हमीतून मागावं. आपल्या दैनिकाने गावोगावचे गडगा घालणारे शोधून त्यांच्यावर लिहावं. आमच्या वाडीत असे दोघेच उरलेत, थोरले ७८ वर्षांचे. गणपतीला येणाऱ्या पोरांना दोन दिवस शिकवायला ते तयार आहेत. दगड मी जमवून ठेवलेत.

आपला,
एक निवृत्त खलाशी
ता. गुहागर, जि. रत्नागिरी